माशाच्या अंगावरची जन्मतारीख

नोकरीच्या निमित्ताने कोकण किनाऱ्यावरच्या एका शाखेत मी तीन वर्षे काढली. शाखेतल्या निम्म्या कर्जखात्यांना मासळीचा वास येतो, असे आम्ही गमतीने म्हणत असू. कुणी होडीसाठी कर्ज घेतलेले, कुणी जाळ्यासाठी, कुणी इंजिनासाठी. बांगडा भरपूर मिळाला की दिवाळीनंतर मंडळी आपण होऊन हप्ते भरायला येत. नाही मिळाला की मलाच बंदराच्या वाटेने खेटे घालावे लागत. असाच एकदा एका वयस्कर तांडेलांच्या ओटीवर चहा घेत बसलो होतो. बांगडा संपलेला नाही, तो गेला आहे, असे त्यांनी मला समजावून सांगितले. कुठे गेला, म्हणून विचारले तर त्यांनी नुसता समुद्राकडे हात केला. शेजारी बसलेल्यांपैकी एक म्हणाला, खाली कारवारकडे गेला. दुसऱ्याच्या मते तो यांत्रिक बोटींच्या आवाजाला भ्याला होता. मी वरिष्ठांना पाठवलेल्या अहवालात थकबाकीचे कारण म्हणून ‘मासळीचे स्थलांतर’ असा भारदस्त शब्द घातला. तो कुणी तपासला नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही त्याचा अर्थ ठाऊक नव्हता.

हाच प्रश्न नॉर्वेच्या किनाऱ्यावर एका माणसाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी विचारला होता, आणि उत्तर मिळवण्यासाठी आयुष्यातली पंधरा-वीस वर्षे घातली होती, हे मला निवृत्तीनंतरच्या वाचनात कळले. त्या माणसाचे नाव योहान योर्ट. मत्स्यविज्ञानाच्या जगात हे नाव आपल्याकडे शेतीशास्त्रात बोरलॉगचे घेतात तसे घेतले जाते. बाहेरच्या जगाला ते फारसे माहीत नाही. माशांवर काम करणाऱ्याला कीर्ती मिळत नाही, ती मासे शिजवणाऱ्याला मिळते.

योर्ट यांचा जन्म १८ फेब्रुवारी १८६९ रोजी ख्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ओस्लोत झाला. वडील नेत्रविकारांचे प्राध्यापक. त्यामुळे मुलानेही आधी वैद्यकाचा अभ्यास सुरू केला. पण त्याचे मन प्राणिशास्त्रात होते. तो जर्मनीत म्युनिकला गेला, तिथे रिखार्ड हेर्टविग यांच्या हाताखाली शिकून १८९२ साली डॉक्टरेट मिळवली, आणि काही काळ इटलीत नेपल्सच्या सागरी संशोधन केंद्रात काम केले. त्या काळी युरोपातल्या प्रत्येक हुशार तरुण प्राणिशास्त्रज्ञाला नेपल्सची ओढ असे. गर्भातल्या पेशींची गुपिते उलगडावीत, प्राध्यापक व्हावे, मोठमोठ्या ग्रंथांत तळटीप होऊन राहावे, असा सरळ मार्ग त्यांच्यापुढे होता. मायदेशी परतल्यावर मात्र सरकारी मत्स्यसंशोधनाचे काम त्यांच्याकडे आले आणि हा मार्ग सुटला तो कायमचाच.

त्या काळच्या नॉर्वेत मासा म्हणजे काय होता, हे आधी समजून घ्यायला हवे. आपल्या लहानपणी घरोघर चमच्याने पाजले जाणारे कॉडलिव्हर ऑइल आठवते ना? एका टॉनिकच्या बाटलीवर पाठीवर भलामोठा मासा घेतलेला कोळी असे. तो मासा म्हणजेच कॉड. उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे लोफोतेन नावाची बेटे आहेत. जानेवारी ते एप्रिल, अंगावर काटा आणणाऱ्या थंडीत, अंडी घालायला आलेला कॉड तिथे झुंडीने गोळा होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या हंगामाला तिथे तीस हजारांच्या घरात कोळी जमत, बहुतेक जण उघड्या होड्यांतून. दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर असाच हंगाम हेरिंगचा. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीचा थंड पाण्यातला थोरला चुलतभाऊ. चांदीसारखा चमकणारा हा मासा मिठात मुरवून, पिंपांत भरून अर्ध्या युरोपला जाई. या दोन माशांवर गावेच्या गावे जगत होती आणि दोन्ही मासे लहरी होते. १८७०च्या दशकात वसंतातली हेरिंग किनाऱ्यावरून अशी नाहीशी झाली, की तिच्या आशेने उभ्या राहिलेल्या वखारी ओस पडल्या. मग काही वर्षांनी ती पुन्हा आली. का गेली, का आली, हे कुणालाच सांगता येईना. हेरिंगच्या झुंडी ध्रुवाजवळच्या बर्फाखाली राहतात आणि तिथून दरवर्षी निघतात, अशी एक जुनी समजूत होती. शास्त्रज्ञही थोड्याफार फरकाने तेच म्हणत. मासा संपत नाही, त्याची वाट बदलते. इंग्लंडातले थोर जीवशास्त्रज्ञ टॉमस हक्सली यांनी तर १८८३ साली लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात, कॉड-हेरिंगसारख्या मोठ्या मासेमारीचा साठा माणसाच्याने संपणार नाही, अशी ग्वाहीच दिली होती.

योर्ट यांची पहिली कामगिरी मात्र कॉडची नव्हे आणि हेरिंगचीही नव्हे. १८९८च्या सुमारास नॉर्वेच्या खोल खाड्यांच्या तळावरून त्यांनी जाळे ओढून पाहिले आणि खोल पाण्यातल्या कोळंबीचे भरपूर साठे त्यांना सापडले. तोवर त्या कोळंबीकडे धंदा म्हणून कुणी पाहिलेच नव्हते. पुढे तिच्यावर एक नवा व्यवसाय उभा राहिला. प्रयोगशाळेतल्या माणसाने कोळ्याच्या ताटात काही वाढल्याचा हा दुर्मिळ प्रसंग. त्यामुळे सरकारदरबारी त्यांच्या शब्दाला वजन आले. १९०० साली त्यांच्या आग्रहाने सरकारने एक संशोधन-जहाज बांधून घेतले. पोलादी, वाफेवर चालणारे, इंग्लिश ट्रॉलरच्या धर्तीचे. जुन्या पिढीतल्या एका प्राणिशास्त्रज्ञाच्या नावावरून त्याचे नाव ‘मिकाएल सार्स’ ठेवले गेले. पहिल्याच सफरीत त्यावर ध्रुवीय प्रवासामुळे जगप्रसिद्ध झालेले फ्रित्योफ नानसेन होते, तरुण सागरविज्ञानी ब्यॉर्न हेलान-हान्सेन होते आणि योर्ट होते. दोन वर्षांनी, १९०२ साली, उत्तर युरोपातल्या देशांनी मिळून कोपनहेगनला समुद्रसंशोधनाची आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन केली. मासा देशांच्या सीमा पाळत नाही, हे सरकारांनी प्रथमच लेखी मान्य केले ते इथे. माशांच्या स्थलांतराचा अभ्यास करणाऱ्या समितीचे काम योर्ट यांच्याकडे आले. म्हणजे माझ्या अहवालातला तो भारदस्त शब्द त्यांच्या समितीच्या पाटीवरच होता.

पण किनाऱ्यावरच्या माणसांना समित्यांची वाट पाहायला सवड नसते. १९०२-०३ मध्ये अगदी उत्तरेच्या फिनमार्क भागात सीलच्या प्रचंड झुंडी उतरल्या आणि कॉडचा हंगाम बुडाला. मिळाला तो मासाही हडकुळा. कोळ्यांनी दोष दिला तो देवमाशांची शिकार करणाऱ्या कंपन्यांना. त्यांची श्रद्धा अशी, की देवमासाच लहान मासळीला किनाऱ्याकडे हाकत आणतो आणि तिच्या मागून कॉड येतो. देवमासा मारला की सगळेच आटते. १९०३च्या जूनमध्ये मेहाम्न या गावी चिडलेल्या जमावाने देवमाशांवर प्रक्रिया करणारे केंद्र मोडून टाकले. सरकारला सैनिक पाठवावे लागले. शेवटी उत्तर नॉर्वेच्या किनाऱ्यावर देवमाशांच्या शिकारीला १९०४ पासून दहा वर्षे बंदी झाली. गोव्याच्या किनाऱ्यावर १९७०च्या दशकात रापणकार आणि ट्रॉलरवाले यांच्यात जे पेटले, ते ज्यांना आठवत असेल त्यांना मेहाम्नची कल्पना सहज येईल.

योर्ट यांची अडचण अशी, की देवमासा मासळी हाकतो याला त्यांना पुरावा दिसत नव्हता, आणि कोळ्यांच्या संतापात मात्र तथ्य दिसत होते. शास्त्रज्ञाने अशा वेळी गप्प बसावे, हे शहाणपणाचे. ते गप्प बसले नाहीत, त्यामुळे उत्तरेत त्यांना कंपन्यांचा माणूस ठरवले गेले. दुसरीकडे आणखी एक आघाडी उघडली होती. गुंडर दानेविग नावाच्या एका निवृत्त बोटीच्या कप्तानाने १८८०च्या दशकात फ्लोदेविगन इथे कॉडची अंडी उबवण्याचे केंद्र काढले होते. तिथून दरवर्षी कोट्यवधी पिल्ले खाडीत सोडली जात. लोकांना ही कल्पना फार आवडे. शेतात बी पेरावे तसे समुद्रात पेरायचे, मग पीक येणारच! योर्ट आणि त्यांचे सहकारी क्नुट डाल यांनी खाड्यांत मोजदाद करून पाहिली, आणि पिल्ले सोडल्याने मासे वाढल्याचा पुरावा मिळत नाही असे सांगितले. कप्तान संतापले. वाद वर्तमानपत्रांत गेला आणि कित्येक वर्षे चालला. गंमत म्हणजे पिल्ले सोडण्याचा तो कार्यक्रम १९७१ पर्यंत चालू राहिला. लोकांना आवडणारी योजना आकड्यांनी मरत नाही, हा अनुभव मला बँकेतही अनेकदा आला आहे.

आता मूळ गोष्ट. दरवर्षी मिळणारी मासळी मोजायची कशी? तोवरची पद्धत म्हणजे पिंपे मोजणे. योर्ट यांना वाटले, हे एखाद्या गावाची लोकसंख्या तिथल्या घरांच्या वजनावरून काढण्यासारखे आहे. माणसांची गणना करताना आपण काय पाहतो? किती जन्मले, किती मेले, कोणत्या वयाचे किती आहेत. विमा कंपनी याच कोष्टकांवर हप्ता ठरवते. मग माशांची अशी गणना का करू नये? सगळे मासे मोजणे अशक्य, हे खरे. पण नॉर्वेच्याच सांख्यिकी कार्यालयाचे प्रमुख आंदेर्स क्येर यांनी १८९५ साली जगापुढे मांडले होते, की नीट निवडलेल्या थोड्यांवरून सगळ्यांचे चित्र कळू शकते. आज निवडणुकीच्या अंदाजांपासून साबणाच्या खपापर्यंत सगळीकडे चालणाऱ्या नमुना पाहणीचे हे एक मूळ. १९०७ साली योर्ट यांनी आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे हा विचार मांडला. अडचण एकच होती. माशाला वय विचारायचे कसे?

इथे आपल्या स्वयंपाकघरातली एक वस्तू उपयोगी पडते. मासा साफ करताना विळीवर खरवडून आपण जे खवले फेकून देतो, त्यातला एक उचलून भिंगाखाली धरला तर त्यावर बारीक रेषांची वर्तुळे दिसतात. थंड समुद्रातला मासा उन्हाळ्यात भराभर वाढतो, हिवाळ्यात त्याची वाढ जवळपास थांबते, आणि त्या थांबण्याची खूण खवल्यावर एका कड्याच्या रूपाने उमटते. झाडाच्या बुंध्यावरच्या वर्तुळांसारखीच. कडी मोजली की माशाने किती हिवाळे काढले ते कळते. इतरांनी गोड्या पाण्यातल्या माशांवर हे आधी दाखवले होते. योर्ट यांच्या हाताखालच्या तरुणांनी ते हेरिंगवर बसवले. डाल यांनी सुरुवात केली, आणि आइनार लेआ नावाच्या चिकाटीच्या तरुणाने तर कड्यांमधले अंतर मोजून मासा कोणत्या वर्षी किती वाढला याचाही हिशेब काढला. बँकेच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक मासा आपले पासबुक अंगावर घेऊन हिंडत होता, आणि ते वाचणारे कुणी नव्हते.

१९०७ पासून वर्षामागून वर्षे, बंदराबंदरातून हेरिंगचे नमुने बर्गेनला येऊ लागले. योर्ट आता तिथे देशाचे मत्स्यसंचालक होते. खवले धुवायचे, काचपट्टीवर ठेवायचे, कडी मोजायची, नोंद करायची. कारकुनी काम. आणि त्या कारकुनी नोंदींतून जे वर आले त्याची अपेक्षा कुणालाच नव्हती. साधारण समजूत अशी की दरवर्षी सारखेच मासे जन्मतात, म्हणून पकडलेल्या मासळीत लहान वयाचे पुष्कळ, थोराड वयाचे कमी, असा उतरता जिना दिसायला हवा. प्रत्यक्षात एकच वय बाकी सगळ्यांच्या डोक्यावर बसलेले दिसले. १९०८ साली चार वर्षांचे मासे भराभर झुंडीत येऊ लागले. पुढल्या वर्षी पाच वर्षांच्यांचे राज्य. १९१० साली जाळ्यातल्या माशांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक मासे सहा वर्षांचे. दरवर्षी तो फुगवटा एकेक पायरी पुढे सरकत होता. म्हणजे हे सगळे एकाच वर्षाचे होते, १९०४ सालचे. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षांची पिल्ले जवळजवळ नगण्य. १९१४ उजाडले तरी, मासा दहा वर्षांचा होऊनही, निम्म्याहून अधिक हेरिंग त्या एका वर्षाचीच होती. कॉडमध्येही १९०४ सालची पिढी अशीच मोठी निघाली.

याचा अर्थ किनाऱ्यावरच्या माणसाला काय? ज्या मुबलक हंगामांत त्याने नव्या होड्या घेतल्या, घर बांधले, मुलीचे लग्न केले, ते सगळे हंगाम एका भाग्यवान वसंत ऋतूची कमाई होते. आणि फिनमार्कमध्ये लोक मेहाम्नच्या राखेकडे पाहत देवमाशांना आणि शास्त्रज्ञांना शिव्या घालत होते, त्याच सुमारास बाहेर समुद्रात या पिढीची अंडी फुटत होती. मासा कुठे गेला नव्हता, कुठून आलाही नव्हता. काही वर्षी तो जन्मलाच नव्हता, आणि एका वर्षी अमाप जन्मला होता.

सगळ्यांना हे पटले असे नाही. ब्रिटनच्या बाजूने परिषदेत बसणारे डार्सी थॉम्पसन हे मोठे विद्वान. ग्रीक भाषा आणि प्राणिशास्त्र या दोहोंत सारखेच पारंगत. खवल्यावरच्या कड्यांना वय म्हणायला ते तयार नव्हते, आणि एका झुंडीत एकाच वयाचे इतके मासे सापडतात याचे कारण सारख्या आकाराचे मासे एकत्र राहतात एवढेच असेल, अशी त्यांची शंका. शंका बाष्कळ नव्हती. तिचे उत्तर युक्तिवादाने देता येण्यासारखे नव्हतेच. पुढल्या वर्षी पुन्हा खवले मोजणे एवढेच उत्तर होते, आणि योर्ट यांच्या माणसांनी ते सात वर्षे दिले.

१९१४ साली योर्ट यांनी उत्तर युरोपातल्या मोठ्या मासेमारीच्या चढउतारांवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. हा या विषयातला पायाचा दगड मानतात. त्यात त्यांनी पुढचा प्रश्न विचारला होता, आणि माझ्या मते तोच त्यांचा खरा मोठेपणा. एक कॉड मादी लाखांनी अंडी घालते. मग एका वर्षी अमाप आणि दुसऱ्या वर्षी काहीच नाही, असे का? आईबापांच्या संख्येत तर तेवढा फरक नसतो. त्यांनी दोन शक्यता मांडल्या. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाच्या पोटाशी बलकाची शिदोरी बांधलेली असते. ती थोड्या दिवसांत संपते. त्याच वेळी समुद्रात सूक्ष्म जीवांचा वसंत फुललेला असला तर पिल्लू तगते. तो उशिरा आला तर कोट्यवधी पिल्ले भुकेने मरतात, कुणाला कळतही नाही. दुसरी शक्यता प्रवाहांची. पिल्ले पोहू शकत नाहीत, वाहतात. प्रवाहाने खोल समुद्रात भलतीकडे नेले तर संपले. पुढे इंग्लंडचे डेव्हिड कुशिंग यांनी १९६०च्या दशकानंतर यातला पहिला धागा पुढे नेला, आणि मत्स्यशास्त्रज्ञ अजूनही याच दोन शक्यतांभोवती फिरत आहेत.

मधल्या काळात, १९१० साली, एक मोठी सफर झाली. ‘चॅलेंजर’ जहाजाच्या गाजलेल्या सागरमोहिमेतले सर जॉन मरे आता वृद्ध आणि धनवान झाले होते. खर्च त्यांनी द्यायचा आणि जहाज नॉर्वेने, असे ठरून ‘मिकाएल सार्स’ उत्तर अटलांटिक पालथा घालून आले. त्यावरचा ग्रंथ १९१२ साली निघाला आणि सागरविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी तो पिढ्यान्पिढ्या वापरला. पाठोपाठ कॅनडाने सेंट लॉरेन्सच्या आखातातल्या मासेमारीच्या पाहणीसाठी त्यांना बोलावून घेतले. हे सगळे वैभवाचे दिवस.

पहिल्या महायुद्धाने ते संपवले. नॉर्वे तटस्थ होता, पण त्याचा मासा तटस्थ राहू शकत नव्हता. जर्मनीला तो हवा होता आणि जर्मनीला तो मिळू नये असे ब्रिटनला वाटत होते. १९१६ साली ब्रिटनशी मासळीविक्रीचा करार झाला, त्याच्या वाटाघाटींत योर्ट होते. त्यातून सरकारशी त्यांचे बिनसले, आणि त्याच वर्षी सोळा वर्षांची घडी मोडून त्यांनी संचालकपद सोडले. पुढे काही काळ ते केंब्रिजला राहिले. तिथे समुद्रातल्या वनस्पती-प्राण्यांत जीवनसत्त्वे कशी पसरलेली असतात यावर त्यांनी काम केले. कॉडच्या यकृतातले ते औषधी द्रव्य कॉडच्याही आधी कुठून येते, असा तो शोध. १९२१ साली ते ओस्लोत प्राध्यापक झाले.

पन्नाशी उलटलेल्या या माणसाच्या वाट्याला आता देवमासा आला. मेहाम्नला किनाऱ्यावर चाललेली शिकार तोवर दक्षिण ध्रुवाच्या समुद्रात पोचली होती, तरंगत्या कारखान्यांसह, आणि तीत नॉर्वेच आघाडीवर होता. १९३०-३१ या एका हंगामात तिथे तीस हजारांच्या घरात निळे देवमासे मारले गेले. पृथ्वीवर जन्मलेला सर्वांत मोठा प्राणी, आणि मादी दोन-तीन वर्षांतून एकदा एकच पिल्लू देणारी. इथे १९०४ सारखा भाग्यवान वसंत ऋतू येण्याची सोयच नव्हती. नॉर्वेच्या देवमासा समितीचे अध्यक्ष म्हणून योर्ट यांनी प्रत्येक शिकारीची नोंद ठेवण्याचा आग्रह धरला. सांडेफ्योर्ड इथे १९३० साली त्यासाठी आंतरराष्ट्रीय कार्यालय सुरू झाले. १९३३ साली त्यांनी दोन सहकाऱ्यांसह एक छोटा निबंध लिहिला. विषय असा, की एखाद्या प्राण्याच्या साठ्यातून दरवर्षी किती घेतले तर साठा न घटता सर्वाधिक मिळत राहील? अगदी भरलेल्या साठ्यात वाढ मंदावते, कारण खाणारी तोंडे फार. अगदी रोडावलेल्या साठ्यात वाढायला आईबापच नसतात. या दोहोंच्या मधे कुठेतरी वाढ सर्वांत जोमदार असते, तेवढीच दरवर्षी उचलावी. आज जगभर मासेमारीचे जे कोटे ठरतात, त्यांच्या मुळाशी ज्या थोड्या लेखनाचा वाटा आहे त्यात हा निबंध येतो.

या निबंधाचे एक सहलेखक गुन्नार यान. त्यांचे नाव वाचून माझ्यातला जुना बँकवाला खुलला. हे गृहस्थ तेव्हा सांख्यिकी कार्यालयाचे प्रमुख होते आणि पुढे १९४६ ते १९५४ नॉर्वेच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर झाले. मुद्दलाला हात न लावता व्याजावर जगणे हा विचार देवमाशाला लावताना टेबलाशी एक भावी गव्हर्नर बसलेला होता! फक्त एक गोष्ट आम्हा बँकवाल्यांना सहज उमजत नाही. समुद्राच्या व्याजाचा दर ठरलेला नसतो. तो एका वर्षी भरमसाट आणि मग चार वर्षे शून्य असू शकतो, हे योर्ट यांनीच वीस वर्षांपूर्वी दाखवले होते.

दुसऱ्या महायुद्धात नॉर्वे जर्मनीच्या टाचेखाली आला, आणि योर्ट यांच्या घरात इतिहास शिरला. त्यांचा वकील मुलगा योहान बर्नहार्ड हा १९३३ साली क्विस्लिंगच्या पक्षाच्या संस्थापकांपैकी एक होता. १९३७ साली तो बाहेर पडला, आणि क्विस्लिंगच्या राजवटीच्या विरोधात लिहिल्यामुळे १९४१ साली तुरुंगात गेला. त्याला जर्मनीत नेऊन पॉट्सडॅमजवळ स्थानबद्ध केले, कुटुंबही तिकडेच गेले. तिथून योर्ट यांची विशीतली नात वांडा जवळच्या साक्सनहाउसेन छळछावणीच्या फाटकाशी खाण्याच्या वस्तू घेऊन जाऊ लागली. नॉर्वेजियन कैद्यांची नावे तिने हळूहळू गोळा केली. १९४५च्या वसंतात स्वीडनच्या पांढऱ्या बसगाड्या कैद्यांना सोडवायला आल्या, तेव्हा या याद्या कामी आल्या. मुलाचा तो पहिला निर्णय म्हाताऱ्या प्राध्यापकाला किती बोचला असेल, आणि नातीच्या धाडसाने त्याला काय वाटले असेल, यावर कादंबरीकार म्हणून मला पुष्कळ लिहिता येईल. पण ही कादंबरी नव्हे.

युद्धानंतर योर्ट यांच्याकडे ते समुद्र-परिषदेचे अध्यक्षपद अजून होतेच. १९३८ साली मिळालेले हे पद ७ ऑक्टोबर १९४८ रोजी, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, मृत्यूनेच सोडवले.

त्यांच्या मागे जे झाले ते वाचताना जीव कळवळतो. १९५०च्या सुमारास नॉर्वेच्या समुद्रात वसंत-हेरिंगचा साठा एक कोटी टनांहून अधिक होता. त्याच वर्षी एक भरघोस पिढीही जन्मली. मग बोटींवर झुंडी शोधणारी ध्वनियंत्रे आली, जाळे ओढणारी यांत्रिक कप्पी आली. थोराड हेरिंग पकडली जात होतीच, आता खाड्यांतली कोवळी हेरिंगही तेल आणि पशुखाद्याच्या गिरण्यांत जाऊ लागली. खवले मोजणारे होते, कोष्टके होती, योर्ट यांची पुस्तके ग्रंथालयात होती. १९७०च्या सुमारास त्या एक कोटी टनांचे नावापुरते काही उरले. ज्या देशाने जगाला माशाचे वय वाचायला शिकवले, त्या देशाच्या किनाऱ्यावर हे झाले. मग कडक बंधने आली आणि लोक वाट पाहत राहिले, एका चांगल्या वसंताची. तो १९८३ साली आला. त्या एका वर्षाच्या पिल्लांवर साठा पुन्हा उभा राहिला, १९०४ सालासारखाच. फरक इतकाच की या खेपेला ती पिल्ले मोठी होऊ दिली गेली.

आपल्याकडची मासळी हे गणित आणखी अवघड करते. हेरिंग वीस वर्षेही जगू शकते, म्हणून एका चांगल्या वर्षावर किनारा दहा वर्षे तग धरतो. तारली आणि बांगडा यांचे आयुष्य जेमतेम तीन-चार वर्षांचे. एक पावसाळा बिघडला की पुढच्याच हंगामात ताट रिकामे. शिवाय आपल्या समुद्राला हिवाळा नाही, त्यामुळे खवल्यावर कडी स्पष्ट उमटत नाहीत. वय काढायला कानाच्या पोकळीतले खड्यासारखे हाड घासून पाहावे लागते. तरी काम झालेले आहे. मलबारच्या तारलीचा जीवनक्रम मद्रास मत्स्यखात्याच्या जेम्स हॉर्नेल आणि नायडू यांनी १९२०च्या दशकात अभ्यासला. १९४७ साली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था सुरू झाली. आज देशभरच्या बंदरांवर तिची माणसे निवडक दिवशी उतरणारी मासळी मोजतात आणि त्यावरून देशाचा आकडा काढतात. क्येर आणि योर्ट यांचीच ती पद्धत. पावसाळ्यात जूनजुलैची मासेमारीबंदी आहे. महाराष्ट्राने २०२३ साली पापलेटला राज्यमाशाचा मान दिला आणि ठरावीक लांबीपेक्षा लहान मासा पकडण्यावर बंधनेही घातली. तरी बाजारात तळहाताएवढी पापलेटे विकायला असतात आणि आपण ती घेतोही. माझ्या घरातही गेल्या श्रावणाआधी आली होती, हे कबूल करायला हवे.

बर्गेनच्या सागर संशोधन संस्थेने आपल्या एकामागून एका जहाजाला ‘योहान योर्ट’ हे नाव दिले. त्यातले एक १९९० साली बांधलेले. १९६० नंतरच्या दशकांत उत्तरेच्या बारेंट्स समुद्रात दर उन्हाळ्याच्या अखेरीस अशा जहाजांनी एक काम नेमाने केले आहे. त्या वसंतात जन्मलेली, बोटाएवढीही न झालेली कॉड आणि हेरिंगची पिल्ले बारीक जाळ्यात धरायची आणि मोजायची. बलकाची शिदोरी संपल्यावर किती तगली, ते पाहायचे. कोणत्या वर्षी भरपूर तगतील हे आधी सांगणे अजून कुणाला जमलेले नाही.